नाशिक ते नागपूर विमानाने किती वेळ? एका साध्या प्रश्नाचं संशोधनात काय होतं

नाशिक ते नागपूर विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो? हा प्रश्न कुणी विचारला तर तुम्ही काय कराल? मोबाईल काढाल, दोन नावं टाकाल, आकडे येतील, संपलं. प्रवाशासाठी एवढं पुरतंही. पण हाच आकडा तुमच्या थिसिसच्या तक्त्यात जाणार असेल, तर तो कुठून आला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना ते सांगता येत नाही.

"अंतर" आणि "प्रवासाचा वेळ" हे दोन रकाने किती विषयांत येतात ते जरा आठवून बघा. स्थलांतरावर काम करणारे ते वापरतात. रुग्ण उपचारासाठी कुठे जातात हे पाहणारे वापरतात, शेतमालाच्या बाजारभावांवर लिहिणारे वापरतात, पर्यटनावाले तर वापरतातच. मुख्य व्हेरिएबलवर दहा पानं लिहिलेली असतात आणि अंतराचा रकाना मात्र कुठल्यातरी संकेतस्थळावरून उचललेला असतो. म्हणून आज हे एकच उदाहरण पाटी-पेन्सिल घेऊन सोडवू. दोन्ही विमानतळ आपल्या ओळखीचे आहेत. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून नागपूर, गोवा आणि अहमदाबादसाठी थेट सेवा सुरू केली तेव्हा या जोडीची बरीच चर्चाही झाली होती.

आधी अंतर

नाशिकचा विमानतळ ओझरला आहे, साधारण २०.१२ अंश उत्तर आणि ७३.९१ अंश पूर्व. नागपूरचा सोनेगावला, २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व. वजाबाकी करा. अक्षांशांत ०.९७ अंशांचा फरक, रेखांशांत ५.१४ अंशांचा.

आता एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. हे लक्षात ठेवायची सोपी युक्ती म्हणजे सागरी मैल. अक्षांशाच्या अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, ही सागरी मैलाची मूळ कल्पना. १९२९ मध्ये मोनॅकोतल्या परिषदेत तो १८५२ मीटर असा ठरवून टाकला. १८५२ गुणिले ६० केलं की १११ च्या आसपास येतं. विमानवाले आजही सागरी मैल आणि नॉटच वापरतात, त्यामुळे हवाई वाहतुकीचा कुठलाही डेटा हातात आला की आधी एकक तपासायचं.

इथे नवखा माणूस काय करतो? दोन्ही फरकांना १११.२ ने गुणतो, पायथागोरस लावतो. ५७१.६ आणि १०७.९, कर्ण येतो सुमारे ५८२ किलोमीटर. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम. आणि उत्तर चूक.

कारण तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना जवळ येतात. एका अंशाला १११ किलोमीटर हा हिशेब रेखांशाच्या बाबतीत फक्त विषुववृत्तावर चालतो. आपल्याकडे तो अक्षांशाच्या कोसाइनने कमी करावा लागतो. नाशिक आणि नागपूर यांचा मधला अक्षांश २०.६ अंश, त्याचा कोसाइन ०.९३६. म्हणजे पूर्व-पश्चिम बाजू ५७१.६ ऐवजी ५३५ किलोमीटर. आता पायथागोरस लावा, उत्तर सुमारे ५४६.

३६ किलोमीटरचा फरक कोसाइन विसरल्याने पडला. तुम्ही म्हणाल, सहा-साडेसहा टक्के चूक, चालून जाईल. नाही चालत, आणि का ते नीट बघा. ही चूक सगळीकडे सारखी पडत नाही. उत्तर-दक्षिण मार्गावर ती जवळपास शून्य असते, पूर्व-पश्चिम मार्गावर पुरेपूर असते. केरळात दीड टक्का, आपल्याकडे सहा-सात टक्के, काश्मिरात वीस टक्के. श्रीनगर ते लेह ही जोडी घेऊन बघा. खरं अंतर सुमारे २५७ किलोमीटर आहे आणि बिनकोसाइनच्या पायथागोरसने ३१० येतं! म्हणजे तुमच्या डेटात चूक इकडेतिकडे विखुरलेली नाही, तिला दिशा आहे. विखुरलेली चूक नमुना मोठा केला की बऱ्याच अंशी निवते. दिशा असलेली चूक नमुना कितीही मोठा केला तरी तशीच राहते. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण या दोन चुकांच्या व्याख्या पाठ करतो, हे त्यांचं घरगुती उदाहरण.

बरं, मग हॅवरसाइन सूत्र वापरायचं की नाही? वापरा, तयार मिळतं. गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर, म्हणजे बृहद्वृत्तावरचं अंतर, त्यातून निघतं. पण एक गंमत करून पाहा. त्याच दोन बिंदूंना ते सूत्र लावलं तर उत्तर आपल्या हाताने काढलेल्या ५४६ पासून शंभर मीटरही हलत नाही. एवढ्या अंतराला आणि एवढ्या अक्षांशावर कोसाइनवाला पायथागोरस पुरतो. मुंबई ते न्यूयॉर्कसाठी अजिबात पुरणार नाही, तिथे विमान नकाशावर केवढा वळसा घेताना दिसतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

याच्याही पुढे जाणारे लोक आहेत. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित दबलेली आहे, त्यासाठी विन्सेंटीने १९७५ मध्ये दिलेली लंबवर्तुळाची सूत्रं वापरतात. आपल्या जोडीत त्याने पाऊण किलोमीटरच्या आसपास फरक पडतो. आता स्वतःला विचारा, या पाऊण किलोमीटरला अर्थ काय? ओझर आणि नागपूर दोन्हीकडच्या धावपट्ट्याच तीन-तीन किलोमीटरच्या घरात आहेत. आपण अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंत घेतले, त्यातच एक किलोमीटरचं मागेपुढे आहे. "विमानतळ" हा नकाशावरचा ठिपका आपण सोयीसाठी मानलेला आहे. कुणी तक्त्यात ५४५.८७३ किलोमीटर असं लिहिलं असेल तर रिव्ह्यूअरला लगेच कळतं की यंत्राने दिलेले आकडे तसेच उतरवलेत.

पण विमान त्या रेषेवरून जातं का?

नाही जात. विमानं ठरलेल्या हवाई मार्गांवरून, ठरलेल्या बिंदूंना शिवत जातात. हवाई दलासाठी राखीव आकाश असतं, ते टाळावं लागतं. ओझर तर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तळ आहे, मिग आणि सुखोई जिथे बनले तोच.

शिवाय उतरण्याचा प्रश्न. धावपट्टीला दिलेला आकडा तिची दिशा सांगतो. नागपूरची मुख्य धावपट्टी १४/३२ आहे, म्हणजे १४० अंश आणि ३२० अंश, वायव्य-आग्नेय. नाशिकहून येणारं विमान येतं पश्चिमेकडून, जरासं नैर्ऋत्येकडून. वारा ज्या बाजूने असेल त्याच्या तोंडावर उतरायचं असतं. वारा वायव्येचा असेल तर वैमानिकाला आग्नेयेकडून आत यावं लागतं, म्हणजे शहर ओलांडून पलीकडे जायचं आणि वळून परत यायचं. त्याच दिवशी, त्याच विमानाला, वाऱ्याने दिशा बदलली म्हणून काही मिनिटं जास्त. ५४६ चा आकडा याबद्दल एक अवाक्षर बोलत नाही.

म्हणून प्रत्यक्ष उडालेलं अंतर थोडं जास्त धरावं लागतं. मी पुढच्या हिशेबासाठी पाच टक्के धरतोय, म्हणजे ५७३ किलोमीटर. हे गृहीतक आहे, मोजमाप नाही. तुमच्या कामातही असा आकडा आला की तो गृहीतक आहे असं तिथल्या तिथे लिहा, परिशिष्टात नको.

आता वेळ

खरी गडबड इथे आहे. अंतर काढून देणारी बरीच संकेतस्थळं वेळ कशी काढतात? ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास एकच वेग धरायचा, भागाकार करायचा आणि उड्डाण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवायचा. ५४६ भागिले ८०० म्हणजे ४१ मिनिटं, अधिक ३०. उत्तर ७१ मिनिटं.

ताशी ८०० किलोमीटर हा एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या जेटचा वेग झाला. नाशिक-नागपूरसारख्या मार्गांवर मात्र बहुतेकदा एटीआर ७२ सारखं पंख्याचं, टर्बोप्रॉप विमान असतं. सत्तर-ऐंशी जागा, कमी अंतराला इंधन कमी, तुलनेने लहान धावपट्टीवरही जमतं. त्याचा सरळ उड्डाणातला वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. मग ५७३ भागिले ५०० म्हणजे ६९ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो त्याची आठ-दहा मिनिटं. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर थांब्यावर येणं, दोन्हीकडची मिळून दहा-पंधरा. बेरीज दीड तासाच्या आसपास.

तर ७१ की ९०? जेट असेल तर पहिला आकडा फार चुकीचा नाही. टर्बोप्रॉप असेल तर तो वीस मिनिटांनी कमी आहे. आणि आता मुद्द्याकडे या, कारण मला हा लेख लिहावासा वाटला तो याचसाठी.

समजा तुम्ही "लहान शहरांची हवाई जोडणी" या विषयावर काम करताय. दोनशे मार्ग घेतलेत आणि सगळ्यांना एकच ताशी ८०० किलोमीटरचं सूत्र लावलंत. मुंबई-दिल्लीला ते बरोबर बसेल. जिथे मोठी धावपट्टी आणि भरपूर प्रवासी, तिथे जेट, तिथे सूत्र बरोबर. जिथे छोटं शहर, तिथे टर्बोप्रॉप, तिथे सूत्र वेळ कमी दाखवणार. म्हणजे तुम्ही ज्या गोष्टीचा अभ्यास करायला निघालात, नेमकी त्याच गोष्टीशी तुमची चूक बांधलेली आहे. तुमच्या तक्त्यात नाशिक, जळगाव, कोल्हापूर ही शहरं प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा जवळ दिसतील. मग निष्कर्ष निघेल की "वेळ कमी असूनही या मार्गांना प्रतिसाद कमी आहे." असा निष्कर्ष उद्या कुणीतरी धोरणाच्या टिपणात उद्धृत केला की नुकसान त्या शहराचं.

हे काल्पनिक भय नाही, कारण अंतराच्या आकड्यावर खरोखर पैसे ठरतात. केंद्राची उडान योजना घ्या. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली हे तिचं पहिलं विमान उडालं. साधारण ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणाला २५०० रुपये भाडं, ही तिची गाजलेली ओळ. ती ओळ संशोधकाच्या नजरेने वाचा. ५०० किलोमीटर बरोबर एक तास, असं म्हणताना तिने टर्बोप्रॉपचाच वेग गृहीत धरलाय. या योजनेत भाड्याची मर्यादा आणि विमान कंपनीला मिळणारी तूट-भरपाई ही टप्प्याच्या लांबीनुसार ठरते. पाचव्या फेरीत, म्हणजे २०२३ मध्ये, ६०० किलोमीटरच्या टप्प्याची अट काढली, पण तूट-भरपाई ६०० किलोमीटरपर्यंतच मोजायची असं ठेवलं. आधी ती मर्यादा ५०० होती. आता महाराष्ट्राच्या अक्षांशावरची एखादी पूर्व-पश्चिम जोडी समजा, खरं अंतर ५७०. कोसाइन विसरलेल्या तक्त्यात ती ६०९ होते आणि सीमेपलीकडे जाते. अकरावीच्या त्रिकोणमितीतली चूक आणि तुमचं विश्लेषण वेगळ्या गटात!

वाऱ्याचं गणित

विमान हवेच्या सापेक्ष उडतं, आपण मोजतो जमिनीच्या सापेक्ष. हवाच सरकत असेल तर हिशेब बदलतो. हिवाळ्यात मध्य भारतावर वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना ते पाठीशी आणि येताना तोंडावर. पावसाळ्यात खूप उंचावर चित्र उलटतं. बारा-सोळा किलोमीटर उंचीवरचा पूर्वेकडून येणारा वेगवान झोत पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडला, मान्सून शिकणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. एटीआरची कमाल उंचीच साडेसात किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे तिला तो झोत भेटत नाही. जेटला त्याचा खालचा भाग जाणवू शकतो. एकाच मार्गावर, एकाच दिवशी, दोन विमानांना वेगळे वारे.

अनेकांना वाटतं की जाताना फायदा, येताना तोटा, सरासरीत वारा निघून जाईल. करून बघू. ५४६ किलोमीटर, वेग ताशी ५००, वारा ताशी १००. जाताना ६०० ने, ५४.६ मिनिटं. येताना ४०० ने, ८१.९ मिनिटं. एकूण १३६.५. वारा नसता तर १३१. साडेपाच मिनिटं गेली कुठे? तोंडावरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा. वेगांची साधी सरासरी ५०० आहे, पण अंतर तेच असताना लागू पडते ती हरात्मक सरासरी, ती ४८० येते. नेट-सेटला हा प्रश्न रेल्वेगाडीच्या वेशात येतो. भौतिकशास्त्रवाल्यांनो, मायकेलसन-मोर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगामागे नेमकं हेच गणित आहे. विमानाच्या जागी प्रकाश ठेवा, वाऱ्याच्या जागी ईथर.

वेळ म्हणजे कुठला वेळ?

तिकिटावर जो वेळ असतो तो उडण्याचा नसतो. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून पुढच्या ठिकाणी पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ, म्हणूनच त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यातही कंपनी थोडी ढील ठेवते. पंधरा मिनिटांच्या आत विमान वेळेवर मानण्याची पद्धत आहे, आणि वेळापत्रकात आधीच दहा मिनिटं जास्त टाकली की वक्तशीरपणा आपोआप सुधारतो. तेव्हा वेळापत्रकातला आकडा म्हणजे कंपनीने दिलेला शब्द आहे. त्याला निरीक्षण म्हणू नका.

निरीक्षण हवं असेल तर विमानं स्वतः जे स्थानाचे संदेश सतत सोडत असतात, एडीएस-बी, ते गोळा करणारी जाळी आहेत. ओपनस्काय नेटवर्क हे त्यातलं संशोधकांना डेटा देणारं. पण तिथेही सावध राहा. हे संदेश जमिनीवरचे रिसीव्हर पकडतात, आणि विमान जितकं खाली तितकं ते लांबच्या रिसीव्हरला दिसेनासं होतं. मोठ्या शहराभोवती रिसीव्हर दाट, छोट्या शहराभोवती विरळ. म्हणजे उड्डाण आणि उतरणीचे तुकडे कुठे गळतील? परत छोट्याच विमानतळांवर. हा पक्षपात तुमच्या मागे सावलीसारखा येतो.

आणि प्रवासी तर धावपट्टीवर राहत नाही. नागपूरचा विमानतळ शहरातच आहे, ओझर नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर. घर ते घर असा वेळ हवा असेल तर दोन्हीकडचा रस्ता, आधी पोहोचण्याचा वेळ आणि सामानाची वाट पाहणं हे सगळं धरावं लागतं. दीड तासाचं उड्डाण सहज चार तासांचा प्रवास होतो. समृद्धी महामार्गाशी तुलना करणाऱ्यांनी विमानाचा ब्लॉक टाइम आणि मोटारीचा घर ते घर वेळ शेजारी-शेजारी मांडू नये, एवढीच विनंती. असे आलेख मी पाहिलेत.

तर पद्धतीच्या प्रकरणात काय लिहायचं? साधारण असं: "विमानतळांमधलं अंतर हे संदर्भबिंदूंच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं बृहद्वृत्तीय अंतर असून पूर्ण किलोमीटरमध्ये दिलं आहे. वेळ हा प्रकाशित वेळापत्रकातला ब्लॉक टाइम आहे; दोन्ही दिशांचे वेळ स्वतंत्र रकान्यांत दिले असून विमानाचा प्रकार नोंदवला आहे." दोन वाक्यं. व्हायव्हात या रकान्यावर प्रश्न आलाच तर तुमच्याकडे उत्तर असेल.

जाता जाता नागपूरबद्दल एक. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूर देशाच्या मध्यावर आहे असं आपण म्हणतो, पण हिशेब केला तर मुंबई तिथून सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर आणि कोलकाता ९८५. मग चारही विमानांनी एकाच वेळी पोहोचायचं तर कोणी किती आधी निघायचं? वाऱ्यासकट मांडून बघा, छान गणित आहे.

आणि एक खास तुमच्यासाठी. कोल्हापूरचा विमानतळ १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. तिथून नागपूरचं अंतर हाताने काढा. कोसाइन लावून ७०० ते ७०५ च्या दरम्यान आलं पाहिजे. मग कोसाइन न लावता काढा. मार्ग नाशिकपेक्षा दीडशे किलोमीटरने लांब आहे, तरी चूक मात्र ३६ ऐवजी २१ किलोमीटरच येते. का येते ते एका वाक्यात लिहून पाहा.